दाबाला दहापैकी दहा

माझा थोरला भाऊ पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं होता, आणि त्या चौतीस वर्षांत विकत घेतलेली एकही वस्तू त्याने स्वतः उघडून पाहिली नाही. हे मी रागाने लिहिते आहे असं वाटेल, पण तो स्वतःच ते छाती पुढे काढून सांगतो. "आपलं काम निवडायचं. उघडाउघडी करायला माणसं असतात," असं म्हणतो आणि म्हणताना चष्मा कपाळावर सरकवतो. मग समोरचं माणूस नीट दिसण्याचाही प्रश्न मिटतो.

निवडायची त्याची एक पद्धत आहे. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तो आडवा कागद घेतो, पट्टीने रकाने आखतो, वर तीन दुकानांची नावं लिहितो. डावीकडे वजन, हमी, बनावट, खोक्याची अवस्था, विक्रेत्याची वागणूक असं एकाखाली एक. प्रत्येकाला दहापैकी गुण, शेवटी बेरीज. ज्याची बेरीज जास्त ते घरात येतं. या पद्धतीने त्याच्या घरात एक शिडी आली आहे, जी मजबुतीत पहिली आली आणि माळ्यापर्यंत पोचत नाही. एक कपाटही आलं, ते जिन्यातून वर गेलं नाही म्हणून खालच्या खोलीत उभं आहे. त्यात आता कोणी काही ठेवत नाही, कारण ते भिंतीला तोंड करून आहे. गल्लीत दादाला 'साहेब' म्हणतात. त्याला वाटतं, आदराने म्हणतात.

त्याच्या बढाईत एक गोष्ट नेहमी गळते. ती म्हणजे, दारातली जुनी गाडी त्याची नाही, वहिनींची आहे. वहिनींच्या वडिलांची मोटार शिकवायची शाळा होती आणि ही त्या शाळेची गाडी. वहिनींनी वयाच्या विसाव्या वर्षापासून लग्नापर्यंत निम्म्या गावातल्या बायकांना तीत बसवून गिअर टाकायला शिकवलं. पुढे वडिलांनी शाळा बंद केली आणि गाडी लेकीकडे पाठवली. दादाने त्याच दिवशी किल्ली आपल्या खिशात टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, "गर्दी वाढलीय हल्ली." तेव्हापासून दर रविवारी तो गाडी बाजारापर्यंत नेतो आणि परत आणतो. वहिनी शेजारी बसतात. गाडीचं तेल, पाणी, हवा, पुसणं, गंज खरवडणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. ती उघडाउघडी.

यंदा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळाने एक फेरी काढली. रविवारी सकाळी आठला मैदानातून निघायचं आणि अकराच्या आत साठ किलोमीटरवरच्या तलावाशी पोचायचं. शर्यत नाही, फक्त वेळेत यायचं. अकरानंतर आलेल्या गाडीची नोंद नाही. चालकाचं वय पासष्टच्या आत असावं, अशी अट होती. वहिनी चौसष्ट वर्षं दहा महिन्यांच्या. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. त्यांनी अर्ज आणला, भरला आणि देऊनही आल्या. त्याची पोच दादाने टेबलावर पाहिली. चालक म्हणून वहिनींचं नाव, सोबती म्हणून त्याचं.

"हे उलटं छापलंय यांनी," तो म्हणाला.

"छापलेलं नाहीये, अहो. माझं अक्षर आहे ते."

त्यावर त्याने पोच उचलली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते, म्हणून सांगते, एखादा कागद त्याने दोनदा वाचल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

फेरीला बारा दिवस उरले असताना गाडी बिघडली. चालू व्हायची आणि शंभर पावलांवर धापा टाकत थांबायची. वहिनींनी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि नाकाशी नेली.

"तेल खुणेच्या वर गेलंय," त्या म्हणाल्या. "आणि पेट्रोलचा वास येतोय."

"वाढलंय ना? मग चांगलंच की," दादा म्हणाला. "लोकांचं कमी होतं."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री पहिल्यापासून या गाडीचा डॉक्टर. त्याने इंजिनच्या कुशीला लावलेला वाटीएवढा पेट्रोलचा पंप दोन बोल्ट काढून सोडवला आणि वहिनींच्या हातात ठेवला. पंपाच्या पोटात रबरी पडदा असतो. इंजिन फिरलं की पंपाची दांडी हलते, दांडीने पडदा वर-खाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढलं जाऊन पुढे जातं. तो पडदा फाटला होता आणि पेट्रोल तेलात उतरत होतं.

"हाच नमुना हातात घेऊन पुलाजवळच्या दुकानात जा," मिस्त्री म्हणाला. "दांडी मिळवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे."

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण दादा खुर्चीतून उठला.

"पंपाचं मी बघतो," तो म्हणाला. "पंप हा माझा विषय आहे."

आणि कागदावर ते खरंही होतं. चौतीस वर्षांत या माणसाने शेकडो पंप निवडले, सगळे पाण्याचे. अमुक मजली इमारत, तमुक उंचीची टाकी, मग किती दाब हवा, एवढंच त्याला माहीत. आणि पाण्याच्या खात्यात दाब जास्त झाला म्हणून कोणी तक्रार घेऊन येत नाही, लोक येतात ते कमी झाला म्हणून. तेवढ्यावर त्याने आयुष्य काढलं आणि निवृत्तीच्या दिवशी त्याबद्दल शाल घेतली.

"साहेब, हे नळाचं नाहीये," मिस्त्री म्हणाला.

"पंप तो पंप. तुम्हा लोकांना एक दुकान माहीत असतं, म्हणून तुम्ही एकच दुकान सांगता. मी तीन बघीन."

"बघा. मी शनिवारी दुपारी दोनपर्यंत गॅरेजात आहे," असं म्हणून मिस्त्रीने हात पुसले. त्याने दादाची शिडी पाहिलेली होती.

पुढचे नऊ दिवस त्या घरात पंपनिवड चालली. दादाने तीन दुकानांना पत्रं लिहिली, फोन नाही, पत्रं. उत्तरं येईनात तेव्हा स्वतः जाऊन आपल्याच पत्रांची उत्तरं त्यांच्याकडून लिहून आणली. मग आडवा कागद, पट्टी, रकाने. या वेळी त्याने 'दाब' असा एक खास रकाना वाढवला होता आणि तो लाल शाईने आखला होता. वहिनी रोज विचारायच्या, "आज आणायचा का?" आणि रोज उत्तर यायचं, "छाननी चालू आहे." जुना पंप त्याने एकदाही हातात धरला नाही. तो काळा, तेलकट होता आणि दादा पांढरा सदरा घालून छाननी करतो.

शुक्रवारी पंप आला. चांगला लांबट, चकचकीत, विजेवर चालणारा, खोक्यात मखमलीसारख्या फोमवर झोपवलेला. दादाने तो टेबलावर मांडला आणि आम्हा दोघींना समोर बसवून तक्ता वाचून दाखवला. वजन नऊ. हमी आठ. खोकं दहा.

"आणि दाब," तो थांबला, "दहापैकी दहा. तिन्हींत सगळ्यात जास्त."

वहिनींनी आतली घडीपत्रिका काढून चष्मा लावून वाचली. मग अगदी हळू आवाजात बोलल्या. एवढा हळू आवाज त्या पूर्वी पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्या बाईशी बोलताना काढत असणार.

"अहो, हा नव्या गाड्यांचा आहे. त्यांच्यात पेट्रोल फवारतात, म्हणून एवढा जोर लागतो. आपल्याला याच्या दहाव्या हिश्श्याएवढा दाब पुष्कळ होतो. आपल्या कार्बोरेटरमध्ये एक वाटी आहे, त्यात एक फुगा तरंगतो. वाटी भरली की फुगा वर येतो आणि सुई भोक बंद करते. पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक असतो ना, तसंच. एवढ्या दाबापुढे ती सुई टिकणार नाही."

मला वाटलं, बॉलकॉक म्हटल्यावर तरी उजेड पडेल. या गृहस्थाने गावाला पुरतील एवढे बॉलकॉक निवडलेत.

"मी चौतीस वर्षं बॉलकॉक घेतलेत," दादा म्हणाला. "मला बॉलकॉक शिकवू नकोस."

"दादा, कधी एखाद्या टाकीत वाकून बघितलास?" मी विचारलं.

"तू शेंगा सोल."

"त्या गेल्या आठवड्यात संपल्या."

वहिनी उठल्या आणि पंप खोक्यात परत ठेवायला लागल्या, तर दादाने खोकं स्वतःकडे ओढून घेतलं. "उद्या सकाळी बसवून घेतो," म्हणाला. "रविवारी तुझी गाडी हवेत उडेल बघ." आणि या कामाला त्याने मिस्त्रीला नाही बोलावलं. पंप विजेवरचा, म्हणून त्याने घरातले दिवे-पंखे बघणारा वायरमन बोलावला. मला हे लिहितानाही हात थांबवून पुन्हा वाचावं लागतंय.

वायरमन बिचारा भला माणूस. शनिवारी दहा वाजता आला, गाडीखाली वाकला, म्हणाला, "साहेब, मी गाडीचं कधी केलं नाही." दादा म्हणाला, "तार ती तार." बाराच्या सुमाराला जोडणी झाली. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात भाजी टाकली होती. दादाने किल्ली फिरवली. इंजिनसुद्धा सुरू केलं नव्हतं, नुसता पंप. एक बारीक गुणगुण आली आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज, "बंद करा. किल्ली बंद करा." मी खिडकीतून पाहिलं तर उघड्या बॉनेटखाली कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उकळी फुटल्यासारखं वर येत होतं आणि इंजिनच्या अंगावरून खाली फरशीवर सांडत होतं. दादा सीटवर बसून खिडकीतून मान बाहेर काढून ते बघत होता, किल्ली हातात धरून. वहिनींनी त्याची वाट पाहिली नाही. ओढणी नाकाला लावली, बॅटरीची तार हिसकून काढली. मी गॅस बंद केला, भाजी तशीच कढईत ठेवून बाहेर धावले. वायरमन गेटबाहेर उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. शहाणा माणूस.

फरशीवर वाळू टाकून झाली. सगळ्या घराला पेट्रोलचा वास. वहिनी हात धुऊन आल्या आणि पायरीवर बसल्या. गाडीकडे बघत राहिल्या.

दादा खाली उतरला. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल.

"पंप उत्तम चालतोय," तो म्हणाला. "कार्बोरेटर कमी पडला. तो बदलावा लागेल. मी सोमवारी तीन ठिकाणी लिहितो."

वहिनी उठल्या. आत गेल्या. मोरीजवळच्या बादलीमागून जुना पंप काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "वन्सं, तुमची स्कूटर आहे ना बाहेर?"

पुलाजवळचं दुकान म्हणजे एक लांब बोळ, दोन्हीकडे छतापर्यंत फळ्या आणि गल्ल्यावर एक जाडजूड बाई, चष्म्याला दोरी बांधलेली. वहिनींनी कागद सोडला. बाईंनी जुना पंप उचलला, अंगठ्याने तेल पुसलं, वरचा नंबर वाचायचा प्रयत्न केला. झिजला होता. न बोलता आत जाऊन तीन पंप आणून फळीवर ठेवले. तिन्ही मला एकसारखे दिसले, वाटीएवढे, दोन भोकांचे. दादा असता तर इथेच पट्टी काढली असती.

"भोकं बघू नका," बाई म्हणाल्या. "दोन भोकं सगळ्यांनाच असतात. दांडी बघा."

वहिनींनी जुना पंप मध्ये ठेवला आणि एकेक शेजारी लावून पाहिला. पहिल्याची दांडी सरळ होती, जुन्याची खाली वाकलेली. दुसऱ्याची वाकलेली, पण नखभर लांब.

"हा बसेल," बाई म्हणाल्या, "बोल्टही आवळले जातील. आणि चार दिवसांत दांडी मोडून इंजिनात पडेल. लोक नेतात बसतोय म्हणून."

तिसरा जुळला. वाकण तेच, लांबी तीच, पेट्रोल आत येणारी नळी त्याच बाजूला. वहिनींनी अंगठ्याने दांडी दाबून पाहिली, दोनदा, डोळे मिटून. "पडदा कसला आहे?" त्यांनी विचारलं. "हल्लीच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं."

बाईंनी दोरीचा चष्मा नाकावर घेतला आणि वहिनींना पहिल्यांदा नीट पाहिलं. "नव्या रबराचा आहे. तुम्ही गाडीतल्या दिसताय."

"शिकवायची पूर्वी."

"मग इतके दिवस कुठे होतात? पाच-सहा दिवसांपूर्वी एक साहेब आले होते याच गाडीसाठी. पत्र घेऊन. मी विचारलं, जुना पंप आणलाय का, तर म्हणाले, नमुना पाहून खरेदी करणं नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग नियमातलं दुकान पुढच्या चौकात आहे."

ते साहेब कोण, हे वहिनींनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. एवढं नातं आम्ही राखलं.

दोनला दहा कमी असताना गॅरेज गाठलं. मिस्त्री साबणाने कोपर घासत होता. पुडकं पाहिलं, उघडून दांडी पाहिली, आणि हात पुन्हा कपड्याला पुसून हत्यारांची पेटी उचलली. घरी येऊन त्याने आधी दादाचा पंप आणि तारा काढून नीट खोक्यात ठेवल्या, पेट्रोल मिसळलेलं तेल काढून नवं भरलं, मग वहिनींना म्हणाला, "तुम्हीच लावून बघा." वहिनींनी पंप हाताने जागेवर टेकवला. बोल्ट न लावताही तो जवळजवळ बसला. शेवटची रेघभर फट तेवढी राहिली आणि ती बोल्टांनी हळूहळू मिटली. पंपाच्या पोटाशी एक छोटी खुंटी असते, ती हाताने दहा-बारा वेळा हलवून वहिनींनी पेट्रोल वर ओढलं. किल्ली मिस्त्रीने त्यांच्याच हातात दिली. गाडी दुसऱ्या वळशाला सुरू झाली आणि सुरूच राहिली. वहिनी इंजिनवर वाकून पंपाचे सांधे बोटाने चाचपत होत्या. बोट कोरडं होतं.

दादा वरच्या पायरीवरून हे सगळं बघत होता.

"साहेब, तुमचा पंप खरोखर चांगला आहे," मिस्त्री त्याला म्हणाला.

"मग, मी काय म्हणत होतो?"

"त्याच्यासाठी गाडी तेवढी बघा."

रविवारी आठला मैदानात अठरा गाड्या होत्या. मी मागच्या सीटवर, दादा वहिनींच्या शेजारी. नोंदीच्या टेबलावर त्याने कोणी न विचारता सांगितलं, "पंप नवा आहे. मी लक्ष घालून बदलून घेतला." वहिनींनी पट्टा लावला, आरसा स्वतःच्या उंचीला आणला आणि गाडी अशी उचलली की मला कळलंही नाही. वीस वर्षं मी त्या गाडीत बसते आहे. ती एवढी गुळगुळीत चालू शकते हे मला माहीत नव्हतं.

दादाला ते सोसलं नसावं. पंधरा किलोमीटरवर तो म्हणाला, "थांब. वास येतोय." वहिनी थांबल्या. त्याने उतरून बॉनेट उघडलं, हात मागे बांधून पाहिलं. काही नव्हतं. "तपासलेलं बरं," म्हणाला. पुढे पंचवीसवर पुन्हा वास आला. चाळिसावर, चढाच्या मधोमध, तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पंपाला बोटही न लावता त्याची पाहणी करायची. तिसऱ्या वेळी मंडळाची उचलगाडी मागून येऊन थांबली. बंद पडलेल्या गाड्या आणायला ती सगळ्यांच्या शेवटी चालते. म्हणजे आमच्या मागे आता कोणीच उरलं नव्हतं.

"बिघाड?" चालकाने विचारलं.

"पाहणी," दादा म्हणाला.

साडेदहाला आम्ही त्रेचाळीस किलोमीटरवर होतो. सतरा उरले होते आणि पुढे घाट. दादाने खिडकीतून नाक बाहेर काढलं. "थांब," तो म्हणाला. "या वेळेस नक्की."

वहिनी थांबल्या. इंजिन बंद केलं नाही.

दादा उतरून बॉनेटकडे वळला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पुढून तीनदा पाहिलंत. मागे टाकीखाली बघा ना, थेंब पडतायत का."

हे त्याला पटलं. तो मागे गेला, सदरा सांभाळत खाली वाकला, दिसेना म्हणून चार पावलं आणखी मागे सरकला. वहिनी आरशात बघत होत्या. तो पुरेसा लांब झाल्याची खात्री केली, बाजूच्या आरशात रस्ता पाहिला, दिवा दिला आणि गिअर टाकला. सगळं शाळेत शिकवतात तसं, क्रमाने.

"वहिनी," मी म्हटलं, "दादा."

"मागून उचलगाडी येतेय ना, वन्सं. तिचं कामच ते आहे."

मी वळून पाहिलं. दादा रस्त्याच्या कडेला ताठ उभा होता आणि त्याने हात वर केला होता, कार्यालयात शिपायाला थांबवायला करायचा तसा. नंतर वळण आलं.

घाटात वहिनी नुसत्या चालवत होत्या. चढावर गाडी कुरकुरली नाही, आचका दिला नाही. पेट्रोल लागेल तेवढंच येत होतं. दहा चोपन्नला आम्ही तलावाशी पोचलो. नोंदीच्या टेबलावरच्या माणसाने घड्याळ पाहून वेळ लिहिली, चालकाच्या नावापुढे खूण केली आणि वही वहिनींकडे सरकवली. त्यांनी चष्मा शोधला, लावला, सही कुठे करायची ते विचारलं.

तेवढ्यात उचलगाडी आली. दादा उंच केबिनमध्ये बसला होता आणि चालकाला काहीतरी समजावत होता. हातवाऱ्यांवरून चौथ्या मजल्यावर पाणी कसं चढतं ते असावं. चालक उतरून सरळ टेबलापाशी आला. थकलेला दिसला.

"बाई, हे तुमचे का?"

वहिनींनी आधी सही पूर्ण केली, खाली तारीख घातली आणि मग मान वर केली.

"हो," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटवर बसवा."